चौथ्या वाघिणीखाली

१

केडगावच्या त्या गल्लीत रंगनाथच्या दाराची कडी कुणी दोनदा वाजवत नसे. एकदा वाजवायची आणि दोन पावलं मागं सरून उभं राहायचं. आतून माणूस येईल की शिवी येईल, याचा नेम नसायचा. रेल्वेत मालगाडीच्या वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, तपासायची त्याची नोकरी. चाकं, ब्रेक, साखळ्या बघायच्या आणि गाडी जायला लायक आहे म्हणून सही करायची. यार्डात सगळे त्याला टरकून असत. पण हाच तापट माणूस घरी आला की बाहेरच्या खोलीचं दार लावून घेई आणि डालड्याच्या डब्याचा पत्रा कापून वीतभर लांबीच्या सुद्धा नसतील अशा वाघिणी बनवत बसे.

तिथं मात्र त्याचा हात थंड चाले. पत्र्याला मागून टोच्या लावून एकेक रिव्हेट उठवायचा, एका वाघिणीला दोनशे दहा रिव्हेट. चाकं पितळेची, लेथवर काढून आणलेली. सायकलच्या तारांचे रूळ, चहाच्या खोक्याच्या फळ्या चिरून केलेले स्लीपर. खडीसुद्धा यार्डातली खरी, घरच्या खलबत्त्यात कुटून पिठाच्या चाळणीनं चाळलेली. त्याच्या बायकोनं, मनकर्णानं, त्या खलबत्त्यात पुन्हा कधी मसाला कुटला नाही. नवा आणून द्या म्हणाली होती, त्यावर तो जे बोलला ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही.

पण गेले दोन महिने तो हौस म्हणून काही बनवत नव्हता. त्र्याहत्तर सालचा उन्हाळा, जिल्हाभर दुष्काळ, आणि मिलोची, म्हणजे अमेरिकेतून आलेल्या लाल ज्वारीची, पोती घेऊन आलेल्या मालगाडीखाली त्याच्या हाताखालचा खलाशी छगन चिरडून मेला होता. छगन चौथ्या वाघिणीखाली ब्रेक बघत होता आणि इंजिन मागं येऊन गाडीला लागलं. आता गाडीखाली माणूस गेला की गाडीच्या तोंडाशी रुळांच्या मधोमध लाल बावटा रोवायचा, आणि ज्यानं रोवला त्यानंच तो काढायचा, दुसऱ्यानं बोटसुद्धा लावायचं नाही, हा रेल्वेतला पक्का कायदा. बावटा रंगनाथनं रोवला होता. खटका ओढून गाड्यांचे रूळ बदलणारा सांधेवाला गहिनीनाथ म्हणत होता, बावटा नव्हता, म्हणून मी इंजिनाला यायचा हात दिला. रंगनाथ म्हणत होता, बावटा होता, या मुडद्यानं बघितला नाही. दोघांपैकी एक जण खोटं बोलत होता, आणि जो खोटा ठरेल त्याची नोकरी जाणार होती. वर खटला व्हायचा तो वेगळाच.

गहिनीनाथला घरी बसवलं होतं, रंगनाथला रजेवर. शनिवारी चौकशीचे साहेब यायचे होते. त्यांच्यासाठी रंगनाथनं एका मोठ्या फळीवर अख्खं यार्ड मांडलं होतं. सात वाघिणी, सांधा, सांध्याचा खटका आणि गाडीच्या तोंडाशी आगकाडीला चिकटवलेली लाल चिंधी. गहिनीनाथ उभा होता त्या खटक्यापाशी डोळा नेला की ती चिंधी सरळ समोर दिसे.

"बघितलंस?" तो मनकर्णाला म्हणे. "आंधळ्याला दिसेल! आणि हा म्हणतो बावटा नव्हता. नरडीचा घोट घेतो त्याच्या."

मनकर्णा म्हणे, "व्हय, दिसतोय की," आणि आत निघून जाई.

२

मंगळवारी दुपारी जेवून तो खोलीत आला आणि पहिल्याच वाघिणीपाशी थांबला. तिच्या चारही चाकांच्या वर पत्र्यावर खडूची एकेक रेघ होती. सुईच्या टोकानं ओढावी एवढी बारीक.

त्याच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "अगं ए! इकडं ये आधी!"

मनकर्णा कळशी घेऊनच आली. टँकरची वेळ झाली होती.

"हात कुणी लावला याला?"

"मला काय येड लागलंय? तुमच्या आगगाडीला हात लावायचा म्हंजी इस्तवात हात घालायचा."

"मग या रेघा काय तुझ्या बापानं ओढल्या?"

"बाप मरून नऊ वर्सं झाली, त्याला कशाला ओढता मधी? आन खडू हाय का आपल्या घरात? शाळंत जायाला कोन हाय हितं?" एवढं बोलून ती कळशी कडेवर घेऊन चालती झाली. मूल नसल्याचं ती अशी अधूनमधून त्याच्या अंगावर फेकत असे.

घरात खडू होता. रंगनाथच्या ड्यूटीच्या पिशवीत होता, आणि पिशवी खुंटीला होती. त्यानं खडू काढून बघितला. टोक जसंच्या तसं होतं. तशीही एवढ्या जाड खडूनं एवढी बारीक रेघ ओढणं कुणाच्या बापाला जमलं नसतं.

त्यानं ओल्या फडक्यानं रेघा पुसल्या. पुसता पुसता त्याला छगन आठवला आणि आणखीच राग आला. तपासलेल्या वाघिणीवर एक खूण केली की पुरे, पण छगन प्रत्येक चाकावर वेगळी रेघ ओढायचा. चाक फुटलंय की धड आहे हे हातोडी मारून आवाजावरून कळतं, त्याला एक ठोका बास. छगन दोन मारायचा. विचारलं तर म्हणायचा, "एक कानासाटी सायब, आन एक मनासाटी." अर्ध्या तासाच्या कामाला हा माणूस तास लावायचा. मेला तरी सुटका नाही, असं रंगनाथच्या तोंडून निघून गेलं.

त्यानं खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली करदोट्याला बांधली.

३

बुधवारी दुसऱ्या वाघिणीवर रेघा होत्या.

या वेळी तो ओरडला नाही. कुलूप त्यानं स्वतः उघडलं होतं. खिडकीला गज होते, गजांना बारीक जाळी होती, जाळी कुठं फाटलेली नव्हती. कौलं शाबूत होती. कुणीतरी आपल्याशी खेळतंय एवढं नक्की, आणि ते कुणीतरी गहिनीनाथच्या बाजूचं आहे. साहेबांसमोर आपल्याला येडं ठरवायचा डाव आहे. हे एकदा मनात बसलं तेव्हा त्याला बरं वाटलं. राग धरायला समोर माणूस असला की त्याचं डोकं ठिकाणावर राही.

मनकर्णा पाण्याला गेली होती. बाहेर गल्लीत उन्हामुळं चिटपाखरू नव्हतं. तो स्टुलावर बसून तिसऱ्या वाघिणीची दारं पुसत होता, तेव्हा फळीवरून आवाज आला.

टिण टिण.

वाटीच्या कडेला नखानं टिचकी मारावी तसा. मग थोडं थांबून पुन्हा दोन. मग पुन्हा.

पत्रा तापला की वाजतो, त्यानं स्वतःला सांगितलं. कौलांखाली खोली भट्टीसारखी झाली होती, पत्रा फुगणारच. सव्वीस वर्षं लोखंडात घालवलेल्या माणसाला हे ठाऊक नसेल? पण तापलेला पत्रा आवाज करतो तो कसाही, केव्हाही. तो दोन-दोन मोजून वाजत नाही. आणि पत्र्याचा आवाज असा स्वच्छही येत नाही. हे पितळ वाजत होतं.

त्यानं टोच्याच्या मुठीनं एका चाकाला हळूच ठोकून बघितलं. चाक पावलीएवढं, तेही रुळावर टेकलेलं. नुसतं खट् झालं. पुन्हा ठोकलं. खट्.

त्यानं कान फळीच्या अगदी जवळ नेला. दोन ठोके पडले. ते दुसऱ्या वाघिणीच्या शेवटच्या चाकातून आले, आणि त्यानंतर कपड्यावर हात पुसावा तशी काहीतरी सळसळ झाली. मग सगळं शांत झालं.

"हट्!" तो उगाच मोठ्यानं म्हणाला आणि खोलीबाहेर येऊन तांब्याभर पाणी प्यायला. त्या दुष्काळात तांब्याभर पाणी म्हणजे काय, हे मनकर्णानं त्याला संध्याकाळी चांगलं ऐकवलं.

४

गुरुवारी दाराची कडी वाजली. एकदा वाजली, दुसऱ्यांदा वाजली, मग तिसऱ्यांदाही वाजली. रंगनाथनं दार उघडलं तर गहिनीनाथ उभा. दोन महिन्यांत माणूस अर्धा झाला होता, पण मागं सरला नाही.

"तुझी हिंमत कशी झाली रे इथं यायची?"

"हिंमत कशाची सायब? आता काय ऱ्हायलंय भ्यायाला?" तो सरळ आत आला आणि खोलीच्या उंबऱ्यात थांबला. फळीवरचं यार्ड त्यानं नीट बघून घेतलं. खटका, सांधा, वाघिणी. मग ती लाल चिंधी. "झ्याक केलंय. समदं हाय तसंच हाय. ह्ये एक सोडून."

"काय सोडून?"

"बावटा. बावटा न्हवता सायब. म्या खटक्यापाशी हुभा हुतो, डोळं फुटलं न्हवतं माजं. तुमी सपथ घिऊन सांगा, बावटा हुता म्हून. घ्या, खंडोबाची आन घ्या. मी हितनं जातो, उद्या लिवून देतो की माजी चूक."

"मी तुझ्यासारख्याच्या सांगण्यावरून शपथ घेऊ? निघ! चालता हो, नाहीतर कानाखाली जाळ काढीन!"

"काढा की. दोन म्हैने मी रोज सपनात छगनला बघतोय. मीच मारला म्हून तोंडात अन्न जात न्हाई. खरं काय ते तुमाला ठावं हाय, आन तुमी हितं बाहुल्या करत बसलाय!"

रंगनाथनं हात उगारला. तेवढ्यात आत टिण टिण वाजलं.

हात वरच राहिला. गहिनीनाथनं मान वळवली. पुन्हा दोन ठोके पडले. तिसऱ्या वाघिणीकडून.

"आत कोन काम करतंय?" गहिनीनाथनं विचारलं.

"कुणी नाही. पत्रा तापलाय."

गहिनीनाथ बराच वेळ फळीकडं बघत राहिला. त्याचा राग कुठल्या कुठं गेला होता आणि चेहऱ्यावर जे आलं होतं ते रंगनाथला मुळीच आवडलं नाही. मग त्यानं उंबऱ्याबाहेर पायातल्या वहाणा काढल्या, दोन्ही हात जोडले आणि वहाणा हातात घेऊनच भर उन्हात निघून गेला.

रंगनाथ दाराशी उभा राहून त्याच्या पाठीवर शिव्या देत राहिला. गल्लीतल्या दोन-चार खिडक्या उघडल्या आणि मिटल्या. घसा बसेपर्यंत तो आत गेला नाही. शेवटी गेला तेव्हा तिसऱ्या वाघिणीच्या चारही चाकांवर रेघा होत्या.

५

शुक्रवारी तो सकाळपासून खोलीत होता. दाराला आतून कडी घातलेली. उद्या साहेब येणार, फळी टेम्पोत घालून नेणार, सगळ्यांसमोर मांडणार आणि प्रश्न मिटणार. एक दिवस काढायचा होता. आज जो कोण येईल त्याचा हात जागच्या जागी पकडायचा, असं त्यानं ठरवलं होतं. त्यासाठी शेजारी सांडशी ठेवली होती. सांडशी कशाला, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

दुपारी मनकर्णा कळश्या घेऊन गेली. पुढच्या दाराचा आवाज झाला, पावलं लांब गेली. मग सुरू झालं.

टिण टिण.

चौथी वाघीण. इंजिनाकडचं पहिलं चाक. त्याच्या डोळ्यांसमोर, हातभर अंतरावर. काही दिसत नव्हतं, फक्त वाघिणीखालची सावली तिथं जरा जास्तच दाट होती. मग पत्र्यावर पांढरी रेघ उमटली. कुणी ओढताना दिसलं नाही. आधी नव्हती, मग होती.

दुसरं चाक. टिण टिण. पुन्हा रेघ. मग आवाज वाघिणीच्या पोटाखाली शिरला, जिथं ब्रेकचे दांडे असतात. त्यानं स्वतः केसाएवढ्या तारेचे बसवलेले दांडे. तिथं टिण टिण, पुन्हा टिण टिण, सावकाश, कसली घाई नसल्यासारखं. तो आवाज त्याच्या दातांत शिरला. मेंदूत शिरला. दोन महिन्यांचा, सव्वीस वर्षांचा सगळा संताप एकदम वर आला आणि तो फळीवर वाकून जिवाच्या आकांतानं ओरडला.

"बंद कर रे ती ठोकाठोकी! गुमान काम कर!"

आवाज बंद झाला.

तत्क्षणी, अर्ध्या ठोक्यावर बंद झाला. टिण झालं आणि दुसरं टिण आलंच नाही.

रंगनाथ तसाच वाकून राहिला. ते शब्द त्यानं आत्ता जुळवले नव्हते. ते तयारच होते. दोन महिन्यांपूर्वी, अशाच दुपारी, चौथ्या वाघिणीच्या फटीत तोंड घालून तो हेच ओरडला होता, अक्षर न् अक्षर. मिलो वेळेवर पोचला पाहिजे म्हणून वरून फोनवर फोन येत होते, सगळे त्याच्यावर ओरडत होते, आणि हा खाली आपला दोन-दोन ठोके मारत बसला होता. आतून छगन म्हणाला होता, "व्हय सायब." आणि पुढं हातोडी वाजली नव्हती. रंगनाथनं अर्धी विडी ओढली. खालून आवाज नाही, म्हणजे काम उरकलं, म्हणजे माणूस पलीकडून निघाला असणार. त्यानं बावटा उपटला, काखेत मारला आणि सही करायला गेला. हाक मारली नाही. एक हाक मारायला काय लागलं असतं? पण छगनला हाक मारायची म्हणजे पुन्हा त्याच्याशी बोलायचं, आणि त्याला त्या क्षणी त्या माणसाचं तोंड बघायचं नव्हतं.

त्यानंतर बावटा होता, बावटा होता, असं तो इतक्या लोकांना इतक्या जोरात सांगत आला की हे सगळं कुठंतरी खाली जाऊन पडलं होतं.

त्यानं गुडघे टेकले आणि डोळा रुळाच्या पातळीला नेला.

चौथ्या वाघिणीखाली, दोन चाकांच्या मधे, पाय होते. फक्त तळवे, त्याच्याकडं केलेले. तांदळाच्या दाण्याएवढे. टाचा भेगाळलेल्या, भेगांत काळं वंगण. तो बघत होता तेव्हाच उजव्या पायाचा अंगठा आत वळला, अवघड जागी बसलेला माणूस पाय जरा सारून घेतो तसा.

रंगनाथचा हात आपोआप पुढं गेला आणि त्यानं लाल चिंधीची ती आगकाडी बोटांत धरली. उपटायला नव्हे. पडू नये म्हणून.

६

शनिवारी सकाळी साहेब आले तेव्हा तो तसाच होता. कडी मनकर्णानं सुरीनं बाहेरून सरकवली होती. ती आदल्या दुपारपासून त्याला विनवत होती, पाणी तोंडाशी नेत होती, आणि आता पदर तोंडाला लावून भिंतीशी उभी होती. साहेबांबरोबर फळी उचलायला दोन हमाल होते, कारकून होता आणि सगळ्यांच्या मागं गहिनीनाथ होता.

"वा!" साहेब म्हणाले. "फारच सुंदर काम आहे तुमचं. उचला रे, जपून."

हमाल पुढं आले.

"हात लावू नका!" रंगनाथ किंचाळला. "हलवू नका! खाली माणूस आहे!"

हमाल थांबले. साहेबांनी कारकुनाकडं बघितलं, कारकुनानं जमिनीकडं. गहिनीनाथ एकटा हलला. तो फळीपाशी येऊन उकिडवा बसला, मान वाकडी करून त्यानं चौथ्या वाघिणीखाली बघितलं, आणि त्याच्या घशातून आवाज निघाला, रडू दाबल्यासारखा. तो उठला तेव्हा त्यानं कुणाकडं बघितलं नाही.

"सायब," तो चौकशीच्या साहेबांना म्हणाला, "आता इचारा यांना."

"काय विचारू?"

"बावटा कुनी काढला त्ये."

"मी काढला," रंगनाथ म्हणाला. "मीच काढला. लिहून घ्या. याची काही चूक नाही. पण आधी त्याला बाहेर येऊ द्या."

कारकून लिहू लागला. लेखणी कागदावर करकरत होती, तेवढाच काय तो आवाज. साहेब दोन शब्द बोलले, मनकर्णा रडू लागली, पण रंगनाथला त्यातलं काही ऐकायचं नव्हतं. तो वाघिणीखाली कान लावून बसला होता.

"त्यो न्हाई यायचा," गहिनीनाथ म्हणाला. "तुमी गप केलंय त्याला. तुमीच बोलवा."

रंगनाथनं ओठ ओले केले. सव्वीस वर्षांत यार्डातल्या माणसाशी कसं गोडीनं बोलायचं ते तो कधी शिकला नव्हता. "छगन," तो म्हणाला. "ए छगन. बाबा, वाजव. हातोडी वाजव. दोन मार, चार मार. कुठं आहेस ते कळू दे."

हमालसुद्धा कान देऊन उभे होते.

"छगन, ऐकतोयस ना? मी सांगतोय, वाजव."

आगकाडी धरलेली त्याची बोटं पांढरी पडली होती. इतका वेळ आवरून धरलेला आवाज त्याला आवरला नाही.

"अरे वाजव म्हणतो ना, मुडद्या!"

आत काहीच वाजलं नाही.